बाळाबाई कास्टिंग्जच्या सभेत नामंजूर

माणसाची किंमत त्याच्या मालमत्तेवरून ठरत नाही, तो भर सभेत कुणापुढं उभा राहून प्रश्न विचारू शकतो यावरून ठरते, असं उदयसिंह सरनोबत यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी शिवाजी पेठेतल्या भालदार तालमीच्या कट्ट्यावर, दुसऱ्यानं सांगितलेल्या चहाचा दुसरा कप घेता घेता मांडलं. ऐकणारे पाचजण होते. त्यातला एक मोबाईलवर मॅच बघत होता आणि दुसऱ्याचा चहा अजून आलेला नव्हता.

उदयसिंह तालमीचे उपाध्यक्ष होते. कधीपासून, हे कुणाला आठवत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. वडिलांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान धाकटा भाऊ बघायचा, त्यामुळे सार्वजनिक कामाला वेळ भरपूर होता. अध्यक्ष गणपतराव यांचे गुडघे गेल्या वर्षापासून जिना चढत नव्हते आणि येत्या महिन्यात ते पद सोडणार होते. आता आपलीच पाळी, हे उदयसिंहांनी धरून ठेवलं होतं. अडचण एकच होती. उपाध्यक्ष म्हणून त्यांनी नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं असतं तर सांगायला काही नव्हतं. एक दणदणीत गोष्ट करून दाखवणं गरजेचं होतं, आणि ती त्यांना आयती सापडली.

राजवर्धन घोरपडे हा याच पेठेतला. पूर्वी तालमीच्या फुटबॉल संघात राखीव गोलकीपर होता. राखीवच राहिला, कारण पहिल्या गोलकीपरला कधी काही झालं नाही. पुढं त्यानं फौंड्री काढली, तिला आईचं नाव दिलं, पेठ सोडून बंगल्यात राहायला गेला, आणि तीन वर्षांपूर्वी ‘बाळाबाई कास्टिंग्ज लिमिटेड’ शेअर बाजारात आली. इथवर पेठेला अभिमानच होता. पण यंदाच्या हंगामात फुटबॉलमधला पिढीजात वैरी, मंगळवार पेठेतला संघ, नवी जर्सी घालून शाहू स्टेडियमवर उतरला आणि त्या जर्सीवर छातीभर लिहिलं होतं : बाळाबाई.

शिवाजी पेठेतल्या बाईचं नाव छातीवर मिरवत मंगळवार पेठेनं शिवाजी पेठेवर तीन गोल मारले.

“ह्याचा जाब विचारायचा,” उदयसिंह कट्ट्यावर म्हणाले. “तेबी त्याच्या घरात जाऊन न्हाय. त्याच्या कंपनीच्या सर्वसाधारण सभेत. माईक घेऊन.”

“आपल्याला आत सोडतील व्हय, बापू?” पिराजीनं विचारलं. पिराजी संघाचा कोच होता. पोरांच्या बुटांच्या नाड्यांपासून मैदानाच्या परवानगीपर्यंत सगळं तोच बघायचा, म्हणून त्याला कट्ट्यावर कुणी फार मान देत नसे.

“सोडतील म्हंजे? मालकाला कोण अडीवतंय? मी शेअर घेणार हाय. आणि एकदोन न्हाय, रगड घेणार हाय. आणि तुमी चाळीसजण संगं येणार.”

इथं हे सांगायला हवं की सर्वसाधारण सभा हा उदयसिंहांचा हातखंडा विषय होता. सहकारी साखर कारखान्याच्या सभा त्यांनी बघितल्या होत्या, पाडल्या होत्या आणि एकदा तर मंडपासकट पाडली होती. आपल्या भागात सभेची एक रीत आहे. सकाळी लवकर जाऊन पुढच्या खुर्च्या धरायच्या. अहवाल वाचणारा श्वास घ्यायला थांबला की निम्म्यांनी ‘मंजूर’ आणि निम्म्यांनी ‘नामंजूर’ म्हणायचं. ज्यांचा आवाज मोठा त्यांचा ठराव. मग माईकची ओढाओढ आणि शेवटी सगळ्यांनी एका पंगतीत जेवण. लोकशाहीबद्दल उदयसिंहांची जी काही समजूत होती ती या क्रमानं होती. खाजगी कंपनीची सभा याहून वेगळी असेल, ही शंका त्यांना शिवली नाही. शंका ही त्यांच्याकडे वारंवार येणारी गोष्टच नव्हती.

शेअर घ्यायचे म्हणून त्यांनी शिवप्रसादला घरी बोलावलं. शिवप्रसाद कबनूरचा. घरचे यंत्रमाग होते, ते भाड्यानं देऊन तो सल्लागार झाला होता. आधी त्यानं विम्याचा सल्ला दिला, मग प्लॉटचा, मग मधले सहा महिने पाणी शुद्ध करणाऱ्या एका पट्टीचा, जी मनगटाला बांधायची असे. सध्या तो गुंतवणुकीवर होता. पायात पांढरे बूट, गळ्यात नाव लिहिलेलं कार्ड. ते कार्ड त्याला कुणी दिलं होतं हे कार्डावर नव्हतं.

“बाळाबाईचे शेअर पायजेत,” उदयसिंह म्हणाले. “चाळीस हजारांचे.”

शिवप्रसादनं सोफ्यावर मागं रेलून त्यांच्याकडं दयेनं बघितलं.

“बापू, शेअर आता कोण घेतंय? शेअर म्हंजे आमच्या आज्जीच्या काळातलं. आता कंपनीवर खेळायला लई नवीन हत्यारं आलीत. ही सीएफडी बगा. फरकाचा करार.”

“म्हंजे?”

“आता तुमी म्हैस घेतली, तर काय काय आलं? गोठा आला, वैरण आली, डॉक्टर आला, शेण आलं. व्हय का न्हाय? हितं तसलं काय न्हाय. म्हैस दुसऱ्याची, गोठा दुसऱ्याचा. तिचा भाव वाढणार का पडणार, एवढंच तुमी सांगायचं. बरोबर निघालं की फरक तुमचा. आणि चाळीस हजारांत दोन हजार शेअरएवढा खेळ करता येतोय.”

“दोन हजार?” उदयसिंह सरळ बसले.

“आणि चुकलं तर?” आतून आवाज आला. उदयसिंहांच्या पत्नी संयोगितावहिनी शाळेत गणित शिकवायच्या आणि त्या वेळी भाजी निवडत होत्या.

“चुकलं तर फरक त्यांचा, वहिनी.”

“आणि दूध?”

“दूध म्हशीच्या मालकाला.”

“मग ह्यांना काय?”

“ह्यांना दूध नकोच हाय की, वहिनी. ह्यांना भाव पायजे.”

वहिनी पुन्हा भाजीकडं वळल्या. त्यांना पुढं विचारण्यासारखं काही उरलेलं दिसलं नाही. उदयसिंहांना मात्र ‘दोन हजार’ या आकड्यानंतरचं काहीच ऐकू आलं नव्हतं. तो आकडा त्यांनी मनातल्या मनात कट्ट्यावर उच्चारून बघितला आणि तो चांगला वाजला.

“ह्याला सरकारची परवानगी हाय न्हवं?” त्यांनी रीत म्हणून विचारलं.

“कंपनीचं हेडऑफिस बेटावर हाय, बापू. तिथं हाय की परवानगी.”

कुठल्या बेटावर, हे शिवप्रसादला सांगता आलं नाही. पण समुद्राच्या मधोमध असल्यानं तिथं आयकरवाले पोचत नाहीत, अशी त्याची माहिती होती. त्यानं उदयसिंहांच्या मोबाईलवर ॲप उतरवून दिलं, पैसे भरायला लावले आणि अंगठा बटनावर धरून थांबला.

“भाव वाढणार म्हणायचं का पडणार?”

“पडणार,” उदयसिंह म्हणाले. “पडणार म्हंजे काय, मीच पाडणार हाय. सभेत माझा प्रश्न झाला की राजवर्धनला तोंड दाखवायला जागा राहणार न्हाय. दुसऱ्या दिवशी पेपरात. तिसऱ्या दिवशी भाव मातीत.”

“मग सेल मारूया.”

“नसताना इकायचं?”

“आता इकायचं, पडल्यावर घ्यायचं. मधला फरक तुमचा.”

नसलेली वस्तू विकणं उदयसिंहांना अजिबात चमत्कारिक वाटलं नाही. पेठेतल्या दोन घरांचे व्यवहार त्यांनी त्याच पद्धतीनं होताना पाहिले होते. शिवप्रसादनं बटन दाबलं. पडद्यावर ‘बाळाबाई’ या नावापुढं एक छोटी आडवी रेघ आणि तिच्यापुढं दोन हजार असा आकडा उमटला. उदयसिंहांनी तो पडदा तसाच धरून वहिनींना दाखवला.

“बगितलंस? दोन हजार.”

“ही रेघ कसली?”

“नक्षी हाय ती. ॲपवाल्यांची.”

त्या रात्रीपासून पेठेत त्यांचा उल्लेख ‘दोन हजार शेअरवाले बापू’ असा होऊ लागला. तो त्यांनीच सुरू केला होता, पण लोकांनी उचलला. कट्ट्यावर चहाला आता त्यांना बोलावणं यायचं. गणपतरावांनी घरी बोलवून सांगितलं, “उदय, तेवढा प्रश्न विचारून ये. मग अध्यक्षपदाला दुसरं नाव निघायचं न्हाय.” उदयसिंहांनी खाली वाकून गुडघ्यांना हात लावला. गणपतराव कळवळले, पण आशीर्वाद दिला.

सभेच्या आधीचे आठ दिवस तालमीत सराव चालला. फुटबॉलचा नव्हे. चाळीसजणांना दोन रांगांत बसवून उदयसिंहांनी त्यांच्याकडून ‘नामंजूर’ घोकून घेतलं. आवाज पोटातून यायला हवा, घशातून आला तर तो विरोध वाटत नाही, सर्दी वाटते, हे त्यांनी समजावून सांगितलं. मधल्या काळात बाळाबाईचा भाव पडायच्या ऐवजी थोडा थोडा चढत होता. ॲप रोज सकाळी लाल आकडा दाखवत असे. शिवप्रसाद म्हणाला, हे पडायच्या आधीचं चढणं आहे, मोठी माणसं असंच करतात. उदयसिंहांना ते पटलं. मोठी माणसं काय करतात हे आपल्याला आतून कळतं, असं त्यांना अलीकडे वाटू लागलं होतं.

प्रश्न त्यांनी स्वतः रचला. “बाळाबाई आमच्या पेठेची. तिचं नाव मंगळवार पेठेच्या छातीवर कुणाला विचारून घातलं, याचा चेअरमननी खुलासा करावा.” एवढंच. पण ‘खुलासा’ या शब्दावर थांबून डावीकडून उजवीकडं बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

सभा उचगावजवळ हायवेला लागून असलेल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. दिवस गुरुवार. सकाळी तालमीसमोर टेम्पो लागला, त्यात चाळीसजण उभे राहिले आणि पुढं ड्रायव्हरशेजारी उदयसिंह बसले, डोक्याला फेटा. हॉटेलच्या फाटकात टेम्पो वळला तेव्हा सुरक्षारक्षकानं लग्नाचे पावणे समजून त्यांना मागच्या लॉनकडं हात केला. तिथं खरोखरच एक साखरपुडा चालू होता आणि चारजण सरबत पिऊनच परत आले.

हॉलच्या दाराशी एक टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपमागं एक तरुण मुलगी. क्रांती तिचं नाव. ती कंपनीची सेक्रेटरी होती, म्हणजे भागधारकांचं आणि कायद्याचं काम बघणारी. काचेच्या दारातून आत सभा सुरू झालेली दिसत होती. उदयसिंहांना आश्चर्य वाटलं ते खुर्च्यांचं. शंभर मांडल्या होत्या, बसले होते वीसबावीस, आणि ते सगळे पेन्शनीत निघालेले, हातात छत्री धरलेले. पुढच्या तीन रांगा मोकळ्या. एवढी असुरक्षित सभा त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

“नमस्कार. आपला डीमॅट खात्याचा नंबर सांगता का?” क्रांतीनं विचारलं.

“नंबर कशाला? दोन हजार शेअर,” उदयसिंहांनी मोबाईल तिच्यापुढं धरला. मागून एकानं अधीर होऊन ‘नामंजूर’ म्हणून घेतलं. त्याला गप्प केलं.

क्रांतीनं पडदा बघितला. मग नाव विचारून लॅपटॉपवर बघितलं. मग पुन्हा पडदा बघितला.

“सर, तुमच्या नावावर आमच्या कंपनीचा एकही शेअर नाही.”

“मग हे काय?”

“हा तुमचा आणि या ॲपवाल्यांचा आपापसातला करार आहे. आमच्या कंपनीचा त्यांनी फक्त भाव घेतलाय, तोही आम्हाला न विचारता. यात मालकी येत नाही, मत येत नाही, लाभांश येत नाही, आणि सभेत बोलताही येत नाही.”

“दोन हजार लिवलंय की.”

“हो सर. पण त्याच्याआधी वजा आहे.”

पिराजी बापूंच्या खांद्यावरून पुढं वाकला. “वजा हाय व्हय हे? बापू, तुमी नक्षी म्हणालता.”

“तू गप.”

“वजा म्हणजे तुम्ही विकलेत,” क्रांती शांतपणे सांगत होती. तिला यात कुणाचा अपमान करायचा नव्हता, म्हणून तो जास्त नीट होत होता. “कंपनीचं वाईट झालं तर तुमचा फायदा. चांगलं झालं तर तोटा. मालकाचं याच्या उलट असतं ना, सर. मी तुम्हाला मालक म्हणून आत कशी सोडू?”

पिराजीनं डोकं खाजवलं. “म्हंजे बगा, माझ्याकडं एकबी शेअर न्हाय, मी शून्य. ह्या वॉचमनकडं न्हाय, त्योबी शून्य. आणि बापू आमच्यापेक्षा दोन हजारानं खाली?”

चाळीसजणांत हे हळूहळू मागंपर्यंत पोचलं. मागच्या रांगेत कुणीतरी ते दुसऱ्याला समजावून सांगताना बोटांनी जिने उतरून दाखवले. उदयसिंहांनी फेटा सावरला. काहीतरी बोलणं भाग होतं.

“कायद्याचं आमाला सांगू नका. आमी कारखान्याच्या सभा बघितल्यात.”

“हो सर.”

“हितंच बसून घोषणा दिऊ.”

“द्या सर. दार साउंडप्रूफ आहे. साखरपुड्यातल्या बॅंडमुळे हॉटेलवाल्यांनी तसं केलंय.”

तरी त्यांनी एकदा ‘नामंजूर’ देऊन बघितला. आवाज पोटातून आला, चांगला आला. काचेपलीकडं एका म्हाताऱ्या भागधारकानं नाक शिंकरलं. राजवर्धन व्यासपीठावर बोलत होता, त्याचे ओठ हलत होते. क्रांतीच्या टेबलावर एक छोटा स्पीकर होता, त्यातून आतलं ऐकू येत होतं. रेल्वेकडून मोठी ऑर्डर मिळाल्याचं तो सांगत होता, तशी बातमी सकाळीच बाजाराला कळवली होती म्हणे. टाळ्या वाजल्या, बावीसजणांच्या मानानं बऱ्या. तेवढ्यात उदयसिंहांच्या हातातला मोबाईल थरथरला. बेटावरून निरोप आला होता. बाळाबाईचा भाव चढून त्यांनी भरलेल्या चाळीस हजारांचं तारण संपल्यामुळे त्यांचा व्यवहार बंद करण्यात येत होता. खात्यात शिल्लक काही नव्हतं. पुढच्या व्यवहारासाठी शुभेच्छा होत्या. त्यांनी शिवप्रसादला फोन लावला. तो जिथं होता तिथं संपर्क होत नव्हता.

“भागधारकांपैकी कुणाला काही प्रश्न विचारायचे आहेत?” स्पीकरमधून राजवर्धनचा आवाज आला. उदयसिंहांचा पाय आपोआप एक पाऊल पुढं गेला. आत कुणीच हात वर केला नाही. राजवर्धननं जरा वाट बघितली, पाणी प्यायला, सगळ्यांचे आभार मानले आणि सभा संपली.

दार उघडून तो बाहेर आला तेव्हा त्याला आधी टेम्पो दिसला, मग चाळीसजण आणि मग फेटा.

“उदा? लेका, हितं काय कराय लागलाईस?”

उदयसिंहांच्या तोंडात प्रश्न तयार होता. पण तो माईकसाठी बेतलेला होता, समोरच्या माणसाला नुसता विचारला तर भांडण वाटलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे विनंती.

“बरं झालं आलासा,” राजवर्धन पोरांकडं वळून म्हणाला. “शंभर ताटं सांगितलीत, खायला माणसं न्हाईत. चला आत.”

आठ दिवस पोटातून आवाज काढून पोटं मोकळीच होती. पहिल्या रांगेनं एकमेकांकडं बघितलं, दुसऱ्या रांगेनं पहिल्याकडं, आणि चाळीसजण त्या साउंडप्रूफ दारातून आत गेले. सभेनंतरचं जेवण ही रीतच आहे, ती मोडता येत नाही. नामंजूर कुणी म्हणालं नाही.

“तू?” राजवर्धननं विचारलं.

“मी जेवून आलोय,” उदयसिंह म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात दोन कप चहा होता. ते जाऊन टेम्पोत बसले, पुढं, ड्रायव्हरच्या रिकाम्या जागेशेजारी. ड्रायव्हरही आत गेला होता.

तासाभरानं पिराजी दात कोरत बाहेर आला आणि खिडकीशी उभा राहिला.

“बापू, मी विचारलं त्याला जर्सीचं.”

“कुठं विचारलंस?”

“गुलाबजाम वाढाय लागलाता, तवा.”

“मग?”

“म्हणाला, मंगळवार पेठेनं अर्ज दिलता, आमी दिली जर्सी. तुमच्या तालमीतनं कुणी अर्जच दिला न्हाय. मग मी म्हणलं, आमी देतो. म्हणाला, दे. त्या पोरीकडून कागद घिऊन हितंच दिला. यंदा बूटबी देतोय म्हणाला.”

उदयसिंह समोरच्या काचेतून हायवेकडं बघत राहिले. हॉलच्या पायऱ्यांवर आता पोरं जमली होती, त्यातल्या तिघाचौघांनी पिराजीला हाक मारली, आणि हाक मारताना ‘पिराजीदादा’ म्हणाले. हे ‘दादा’ सकाळी टेम्पोत नव्हतं. गणपतरावांना कुणीतरी फोनवर सगळं सांगत होतं आणि मधूनमधून पिराजीकडं बघून मान हलवत होतं.

उदयसिंह टेम्पोतून खाली उतरले. क्रांती टेबलावरचा लॅपटॉप बंद करून वायर गुंडाळत होती. उदयसिंहांनी फेटा काढून काखेत घेतला होता, त्यामुळे तिनं त्यांना लगेच ओळखलं नाही.

“बाई, एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी समजा सभेत बोलायचं असलं, तर कमीत कमी किती शेअर लागतात तुमच्याकडं?”

“एक, सर,” क्रांती म्हणाली.

शिवप्रसादनं ॲप उतरवून दिलं त्या दिवशी बाळाबाई कास्टिंग्जचा एक शेअर एकशे चौदा रुपयांना मिळत होता.